लाटेचा स्वार आणि त्याची फळी

होनोलुलू शहराला लागून असलेला वाइकीकीचा समुद्रकिनारा हें लाटांवर स्वारी करणाऱ्यांचें माहेरघर समजलें जातें. हवाई बेटांतील या किनाऱ्यावर जगाच्या कानाकोपऱ्यांतून हौशी लोक येतात. कोणी तरुण, कोणी प्रौढ, कोणी पट्टीचे पोहणारे, तर कोणी जेमतेम पाण्यांत उतरणारे. फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत येण्याचा हा खेळ ‘सर्फिंग’ या नांवानें सर्वत्र ओळखला जातो, आणि त्यासाठीं लागणारी फळी म्हणजे ‘सर्फबोर्ड’. नवशिक्या मनुष्य तेथील शिक्षकाकडे गेला, कीं त्याच्या हातीं बहुधा एक लांब, रुंद, जाड आणि दिसावयास काहींशी बोजड अशी फळी येते. शेजारींच निमुळत्या टोकांच्या, काखेंत सहज मावणाऱ्या चकचकीत फळ्या ओळीनें उभ्या असतात. नवख्याची नजर त्यांच्यावरून हलत नाहीं. आपणांस कमी प्रतीची वस्तु दिली गेली, असें त्याला वाटतें. संधि मिळतांच तो हट्टानें त्या लहान फळ्यांपैकीं एक घेतो, आणि सबंध सकाळ पाण्यांत हात मारूनही त्याला एकही लाट साधत नाहीं. मग तो कधीं आपल्या वयाला, कधीं बाहूंना, तर कधीं समुद्राला बोल लावतो. खरा दोष बहुतेक वेळां निवडीचा असतो.

फळी कशी निवडावी, हा प्रश्न वरकरणीं बाजारहाटाचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर देतांना मनुष्याला स्वतःच्या योग्यतेचें प्रामाणिकपणें मोजमाप करावें लागतें, आणि तेंच काम त्याला सर्वांत जड जातें. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण या खेळाला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या खेळाला पडत असेल.

ज्या लोकांनीं हा खेळ कळसास नेला, त्या प्राचीन हवाई लोकांच्या फळ्या एकसारख्या नव्हत्या. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरींतील लेफ्टनंट जेम्स किंग यानें १७७९ सालीं केआलाकेकुआच्या उपसागरांत हा खेळ पाहिला आणि त्याचें वर्णन लिहून ठेविलें. तेथील भाषेंत या फळीला ‘पापा हेए नालू’ म्हणत. तिच्या तीन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. ‘पाइपो’ ही अगदीं आंखूड फळी. तिच्यावर बहुधा पालथें पडून मुलें लाटेचा आनंद घेत. ‘अलाइया’ ही पातळ आणि मध्यम लांबीची, साधारण ७ पासून १२ फुटांपर्यंत. ती ‘कोआ’ नांवाच्या, बाभळीच्या जातकुळींतील वृक्षाच्या किंवा कोंकणांत ज्याला नीरफणस म्हणतात त्या झाडाच्या लांकडापासून करीत. तिसरी ‘ओलो’. ही १४ फुटांहून अधिक लांब आणि चांगली जाड असे, आणि ती सरदार-राजघराण्यांतील लोकांची समजली जाई. ओलोसाठीं ‘विलीविली’ नांवाचें अत्यंत हलकें लांकूड पसंत करीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें हा विलीविली महाराष्ट्रांतील पांगाऱ्याचा सख्खा चुलत भाऊ होय.

या व्यवस्थेंत दोन निरनिराळीं तत्त्वें एकमेकांत मिसळलेलीं होतीं. एक उपयोगाचें: दूरवर न फुटतां येणाऱ्या मंद लाटेला ओलो योग्य, आणि किनाऱ्याशीं झपाट्यानें उभी राहून फुटणाऱ्या लाटेला अलाइया योग्य. दुसरें मानाचें: फळी पाहून स्वाराचा दर्जा कळावा. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत पाकी या सरदाराच्या अजस्र फळ्या जपून ठेविलेल्या आहेत. त्यांचें वजन दीडशें पौंडांच्या आसपास आहे. आज सरदारकी राहिली नाहीं, ओलोही लाटेवर फारशी दिसत नाहीं; परंतु फळीवरून मान मोजण्याची खोड मात्र टिकून आहे. फरक इतकाच, कीं त्या काळीं मोठी फळी मानाची होती, आतां लहान फळी मानाची झाली आहे.

लहान फळीवर नवशिक्याचें कां चालत नाहीं, हें समजण्यासाठीं लाटेची गति थोडी लक्षांत घ्यावी लागते. खोल समुद्रांतून येणारी लाट उथळ पाण्यांत शिरली, कीं तिचा पाय तळाशीं अडखळतो. ती मंदावते, उंचावते आणि शेवटीं पुढें कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली, म्हणजे लाट फुटण्याच्या बेतास येते. मीटरभर उंचीची लाट अशा ठिकाणीं ताशीं सुमारें १३ किलोमीटर वेगानें जात असते. फळीवर पालथें पडून दोन्ही हातांनीं पाणी मागें सारणारा मनुष्य, जोरदार असला तरी, ताशीं पांच-सहा किलोमीटरांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. राहिलेलें अंतर लाटेच्या उतारानेंच भरून काढावें लागतें: लाट पाठीमागून फळीला उचलते आणि फळी त्या उतारावरून घसरूं लागते. स्वाराचा आरंभींचा वेग जितका अधिक, तितक्या सौम्य उतारावर तो लाट पकडूं शकतो. वेग कमी असेल, तर लाट भिंतीसारखी उभी राहीपर्यंत त्याला थांबावें लागतें. आणि त्या वेळीं उठून उभें राहण्यास त्याच्यापाशीं निमिषभराचाच अवकाश उरतो. निष्णात स्वाराला तेवढें निमिष पुरतें. नवख्याला गुडघे टेंकून तोल सांवरावयास तीन-चार क्षण तरी लागतात, आणि तोंपर्यंत लाट त्याच्या डोक्यावर कोसळलेली असते.

आतां हा आरंभींचा वेग फळीवर कसा अवलंबून राहतो, तें पाहूं जातां आर्किमिडीजचा जुना नियमच कामास येतो. बुडालेली वस्तु जेवढें पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाचा आधार तिला मिळतो. एक लिटर पाण्याचें वजन सुमारें एक किलोग्रॅम. समुद्राचें खारें पाणी त्याहून किंचित् जड. म्हणून आजचे कारागीर फळीचें आकारमान लिटरांत सांगतात, आणि कित्येकदां तो आंकडा फळीवरच लिहिलेला आढळतो. पाऊणशें लिटरांची फळी ७० किलो वजनाच्या मनुष्याला पाण्याच्या बऱ्याच वर उचलून धरते. त्याची छाती आणि मांड्या पाण्याच्या ओढीपासून मोकळ्या राहतात, व हातांचे श्रम वेगांत उतरतात. तोच मनुष्य २८ लिटरांच्या फळीवर पालथा पडला, तर निम्माअधिक पाण्यांत राहतो आणि त्याचे श्रम पाणी कापण्यांतच खर्ची पडतात.

तो उभा राहिला, म्हणजे हा भेद आणखी तीव्र होतो. पालथ्या मनुष्याचें शरीर अर्धवट पाण्यांत असल्यानें तें स्वतःही कांहीं अंशीं तरंगत असतें. उभ्या मनुष्याचा सगळा भार फळीवर येतो. मोठी फळी थांबली तरी त्याला झेलूं शकते. लहान फळी थांबतांच पायाखालून बुडते. धांवत्या पाण्यावरून वेगानें घसरत असेल, तोंपर्यंतच ती वर राहते. थोडक्यांत, मोठी फळी स्वतःच्या बळावर तरंगते, लहान फळी स्वाराच्या कौशल्यावर तरंगते. हें कौशल्य ज्याच्या अंगीं अद्याप आलें नाहीं, त्याला लहान फळी तें शिकवूं शकत नाहीं; कारण शिकण्यासाठीं आधीं लाटेवर उभें तर राहतां आलें पाहिजे. विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधण्याची जुनी रीत याच शहाणपणाची होती. भोपळा बांधला म्हणून त्या मुलाला कोणी हिणवीत नसे, आणि हात-पाय चालूं लागल्यावर भोपळा आपोआप सुटत असे.

आकारमानाखेरीज फळीच्या घडणींतील इतरही गोष्टी पाहाव्या लागतात. रुंदीनें स्थैर्य मिळतें. नवशिक्यास २२ ते २३ इंच रुंदी हितावह, तर निष्णाताच्या आंखूड फळीची रुंदी १९ इंचांच्या आसपास असते. लांबीनें सरळ आणि वेगानें सरकण्याचा गुण येतो, परंतु वळण मंद होतें. पुढच्या टोकाला होडीच्या नाळेप्रमाणें वरचा बाक दिलेला असतो. हा बाक थोडा असेल, तर फळी सपाट पाण्यावर छान धांवते, मात्र उभ्या लाटेवर तिचें टोंक पाण्यांत रुतण्याची भीति असते. बाक अधिक असेल, तर उभ्या लाटेवर ती सुरक्षित, पण सपाट पाण्यावर सुस्त. कडा जाड व गोलाकार असल्या, तर चुका पोटांत घालतात. पातळ आणि धारदार असल्या, तर पाण्यांत रुतून तीव्र वळण देतात, आणि तितक्याच तत्परतेनें बेसावध स्वाराला पाडतात. प्रत्येक गुणाची किंमत दुसऱ्या एखाद्या गुणानें चुकवावी लागते. म्हणूनच सर्वांत उत्तम अशी फळी जगांत नाहीं. अमक्या मनुष्याला, अमक्या पाण्यांत उत्तम, एवढेंच म्हणतां येतें.

आजची आंखूड फळी कशी जन्मास आली, हें पाहिलें म्हणजे ती कोणासाठीं आहे, तेंही उमगतें. एकोणिसाव्या शतकांत हवाई बेटांत या खेळाला ओहोटी लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं वाइकीकीवर त्याचें पुनरुज्जीवन झालें. त्या काळच्या फळ्या भरीव लांकडाच्या असत. टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थानें आंतून पोकळ फळी तयार केली व १९३२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्यानेंच १९३५ सालीं फळीच्या बुडाशीं मागें एक लहान कल्ला बसविला. तोंपर्यंत मागचा पाय पाण्यांत ओढून दिशा बदलावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकें बालसा लांकूड आणि त्यावर कांचतंतूंचें वेष्टण आलें. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लांकडाची जागा कृत्रिम फेंसाच्या गाभ्यानें घेतली. सन १९६६ मध्यें सॅन दिएगो येथील जागतिक स्पर्धेंत ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंग यानें तत्कालीन फळ्यांच्या मानानें पातळ फळीवर विजय मिळविला, आणि पुढील तीन-चार वर्षांतच नऊ-दहा फुटांच्या फळ्या सात फुटांखालीं आल्या. सन १९८१ मध्यें त्याच देशाच्या सायमन अँडरसन यानें तीन कल्ल्यांच्या फळीवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तीच रचना आज सर्वाधिक रूढ आहे.

या सगळ्या सुधारणांपैकीं फळीला हलकी करणाऱ्या सुधारणांनीं नवशिक्याचें कल्याण केलें; दीडशें पौंडांचें ओझें आतां सात-आठ किलोंवर आलें. परंतु फळी आंखूड करणाऱ्या सुधारणा निष्णातांनीं निष्णातांसाठीं केल्या. त्यांना लाट पकडण्याची चिंता नव्हती. पकडलेल्या लाटेवर अधिक तीव्र वळणें कशीं घ्यावीं, ही त्यांची चिंता होती. टोकियोच्या ऑलिंपिक खेळांत २०२१ सालीं सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमधील हा सामना ताहिती बेटावरील तेआहुपोओ येथें झाला. तेथील वीरांच्या हातांतील फळ्या पडद्यावर पाहून नवख्याला तशीच फळी हवीशी वाटते. पण वीराची तलवार घेतल्यानें वीरत्व येत नाहीं, हें सांगावयास लाटेला फार वेळ लागत नाहीं.

मग कोणीं कोणती फळी घ्यावी? ज्यानें अद्याप लाटेवर उभें राहण्याचा सराव केलेला नाहीं, त्यानें आपल्या वजनाचा किलोंतील आंकडा घ्यावा आणि निदान तेवढ्याच लिटरांची फळी मागावी; थोडी अधिक असली तर उत्तमच. सामान्य बांध्याच्या प्रौढाला याचा अर्थ आठ ते नऊ फूट लांब, तीन इंच किंवा किंचित् अधिक जाड, आणि वरून मऊ फेंसाचें आच्छादन असलेली फळी, असा होतो. तिच्यावर पालथें पडल्यावर पुढचें टोंक पाण्याच्या वर दोन-एक बोटें राहिलें पाहिजे. टोंक आभाळाकडे गेलें, तर मनुष्य फार मागें आहे. पाण्यांत गेलें, तर फार पुढें आहे. किती फुटांच्या फळीवर उभें राहिलों, यापेक्षां एका सकाळींत किती लाटांवर उभें राहिलों, याचा हिशेब या अवस्थेंत ठेवावा. कारण पाय शिकतात ते आवृत्तीनें शिकतात.

ही फळी बदलावी केव्हां, याचीं लक्षणें ठरलेलीं आहेत. फुटून पांढरी झालेली लाट सोडून न फुटलेली लाट स्वतःच्या हातांच्या बळावर पकडतां येऊं लागली. घेतलेल्या लाटांपैकीं बहुतेकांवर सावकाश उभें राहतां येऊं लागलें. सरळ किनाऱ्याकडे न येतां डावीउजवीकडे लाटेच्या अंगावरून जातां येऊं लागलें. आणि समोरून लाट आली असतां फळी हातची सुटेनाशी झाली, म्हणजे पुढची पायरी चढण्यास हरकत नाहीं. तीही एकेकच चढावी. आठ फुटांवरून सात-साडेसात फुटांवर, पाऊणशें लिटरांवरून पन्नास-पंचावन्न लिटरांवर, असा क्रम ठेवला तर शिकलेलें वायां जात नाहीं. सहा फुटांच्या, तीस लिटरांच्या आसपासच्या फळीवर येण्यास कित्येकांना वर्षें लागतात, आणि पुष्कळजण तेथवर न येतांही आयुष्यभर आनंदानें लाटा घेतात. वर्षांतून आठच दिवस समुद्राचें दर्शन घडणाऱ्यानें, तसेंच वयामुळें दंडांतील जोर ओसरलेल्यानें, आपल्या कौशल्याच्या मानानें दहा-बारा लिटर अधिकच ठेवावे. उलट, लांब फळी म्हणजे नवशिक्याचीच, असेंही समजूं नये. प्रचंड व वेगवान लाटांवर जाणारे धुरंधर नऊ-दहा फुटांच्या अरुंद, टोंकदार फळ्या घेतात. कारण ती लाट पकडण्यास तेवढा वेग लागतोच.

निवड चुकली, तर केवळ वेळ आणि पैसा जातो असें नाहीं. या खेळांतील बऱ्याच जखमा खडकानें किंवा माशानें होत नाहींत. स्वाराच्या स्वतःच्याच फळीच्या आघातानें होतात. हातांतून सुटलेली कठीण फळी लाटेबरोबर शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊं शकते, आणि तिचे कल्ले चाकूसारखे लागूं शकतात. म्हणून पहिली फळी मऊ असावी, आणि ती घोट्याला बांधणारी दोरी फळीच्या लांबीएवढी तरी असावी. मोठ्या फळीलाही एक दोष आहे, तो लपवूं नये: निष्णात मनुष्य लहान फळी बदकाप्रमाणें पाण्याखालीं दाबून येणाऱ्या लाटेखालून निसटतो, मोठी फळी तशी दबत नाहीं. यास्तव नवशिक्यानें कमरेएवढ्या पाण्यांतच राहावें, फळी आपल्या बाजूला धरावी, आणि आपण व येणारी लाट यांच्यामध्यें ती कदापि आडवी येऊं देऊं नये.

पाण्याचा विचारही निवडींत असलाच पाहिजे. श्रोत्यांपैकीं कोणाला हा खेळ स्वदेशीं शिकावयाचा झाला, तर कर्नाटकांत मुल्की येथें आणि गोमंतकाच्या उत्तर भागांत मोरजी-अश्वें या बाजूला त्याचें शिक्षण मिळतें. अरबी समुद्र पावसाळ्यांत रौद्र रूप धारण करतो, आणि त्या महिन्यांत नवख्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. इतर वेळीं या किनाऱ्यावरील लाटा बहुधा लहान आणि कमी जोराच्या असतात. लाट जितकी दुबळी, तितका आधार फळीनें अधिक पुरवावा लागतो. म्हणून कॅलिफोर्नियांतील एखाद्या मित्राला शोभणारी फळी गोमंतकांत त्याच कौशल्याच्या माणसाला अपुरी पडूं शकते.

ड्यूक कहानामोकू हा वाइकीकीचा सुपुत्र १९१२ आणि १९२० सालच्या ऑलिंपिक खेळांत शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतींत पहिला आला, आणि सर्फिंगचा जगभर प्रसार करणाऱ्यांत तो अग्रेसर गणला जातो. १९१४ सालच्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियांत गेला, तेव्हां त्याच्याबरोबर फळी नव्हती. त्यानें तेथें मिळालें तें पाइनचें लांकूड घेतलें, स्वतः फळी घडविली, आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर येथें तिच्यावर उभें राहून लोकांना थक्क केलें. ती फळी फ्रेशवॉटरच्या क्लबांत आजही जपून ठेविलेली आहे. आपलें बळ किती, हें ज्याला ठाऊक होतें, त्याला फळी कशी हवी हें दुसऱ्या कोणाला विचारावें लागलें नाहीं.

वाइकीकीवर या ड्यूकचा पुतळा आहे; दोन्ही बाहू पसरून तो उभा आहे आणि त्याच्या पाठीशीं त्याची लांब फळी आहे. त्याच्यासमोरून रोज सकाळीं कित्येक नवशिके आपापली बोजड फळी दोघांत मिळून डोक्यावर घेऊन समुद्राकडे जातात. जो तिला ओझें समजून जातो, तो बहुधा दुपारीं खिन्न परततो. जो तिला भोपळा समजून जातो, तो पहिल्याच दिवशीं एखाद्या चिमुकल्या लाटेवर, दोन-चार क्षण कां होईना, स्वतःच्या पायांवर उभा राहून येतो. आणि पुढें लहान फळी घ्यावयाची कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार त्याला तेथूनच प्राप्त होऊं लागतो.